जांभळासाठी कूलर

कूलर पडला म्हणून मी ओरडलो की मी ओरडलो म्हणून कूलर पडला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. हर्षाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं असं, की तुम्ही ओरडलात, नागसेनभाऊ दचकले आणि त्यांनी हात सोडला. शेजारचे नागसेनभाऊ म्हणतात, त्यांनी हात सोडलाच नाही, कूलरच त्यांचा हात सोडून गेला. मी एवढंच सांगू शकतो, की खिडकीच्या स्टँडवर अर्धा चढलेला तो पत्र्याचा अवजड डबा एका क्षणी आमच्या चार हातांत होता आणि पुढच्या क्षणी नव्हता.

नागपुरात होळी झाली की गच्चीवरून कूलर उतरवायचा, गंज खरवडायचा, आतून रंगवायचा, ताट्यांमधलं जुनं गवत उपसून नवं भरायचं आणि माणूस बोलावून तो खिडकीला बसवायचा, हा क्रम घरोघरी ठरलेला आहे. यंदा मी त्यातला 'माणूस बोलावून' एवढाच भाग गाळला. ज्या गृहस्थाने सरकारी नोकरीत उभ्या जिल्ह्याच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर हलवल्या, त्याला एक कूलर इकडून तिकडे हलवता येऊ नये, हे मला पटत नव्हतं. आता पटलं आहे.

"कूलर वाचला का?" हर्षाने आतून विचारलं. तिने माझ्याबद्दल विचारलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

कूलर वाचला होता. एक कोपरा चेपला होता, बाकी ठणठणीत. मी सुटकेचा श्वास सोडला आणि नागसेनभाऊंकडे पाहून हसलो. ते हसत नव्हते. ते खाली पाहत होते.

"गावंडे साहेब," ते हळूच म्हणाले, "हे पाहा बरं."

खिडकीखालचं जांभूळ अजून हलत होतं. कूलर सरळ जमिनीवर पडला नव्हता, जांभळाच्या बुंध्याला घासत खाली उतरला होता. चेपलेल्या कोपऱ्याने एका बाजूची साल हातभर लांबीची सोलून काढली होती आणि आतलं ओलं, पांढरट खोड उघडं पडलं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो.

एका झाडाच्या सालीसाठी एवढं काय, असं वाटेल. पण ते साधं जांभूळ नव्हतं. ते आमचे जावई होते.

आमच्या अदितीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तेव्हा आमचे होणारे इवाई, म्हणजे व्याही, रुपराव ढोक बुटीबोरीहून टेम्पोत हे झाड घेऊन आले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रुपरावांना झाडांचं वेड आहे. त्यांनी माणसापेक्षा उंच झालेलं ते जांभूळ सगळ्या पाहुण्यांदेखत स्वतःच्या हाताने आमच्या खिडकीखाली लावलं, हात धुतले आणि माईक घेतला. "हे झाड म्हणजे आमचा सौरव," ते म्हणाले. "लग्नापावतर तुमच्या हवाली केला. लग्नाच्या दिवशी नवरदेव आधी या झाडाले पाणी टाकीन, मंगच मांडवात पाय ठेवीन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या.

लग्न मे महिन्यात होतं. म्हणजे पुरी वरात आमच्या अंगणात येऊन या खोडासमोर उभी राहणार होती.

अदिती संध्याकाळी ऑफिसातून आली. तिने फाटकातूनच झाड पाहिलं आणि पर्स खाली ठेवली.

"बाबा! सौरवला काय केलं तुम्ही?"

"मी नाही. नागसेनभाऊंनी."

"मी धरून होतो, पोरी," नागसेनभाऊ कुंपणापलीकडून म्हणाले.

अदिती हसली नाही, याचाच मला जास्त धक्का बसला. ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि तिने मला एक गोष्ट सांगितली. सौरवच्या मोठ्या बहिणीच्या सासरच्यांनी गाडी ठेवायला जागा हवी म्हणून अंगणातला कडुनिंब तोडला. रुपरावांनी तो लावून दिला होता. तेव्हापासून ते स्वतःच्या लेकीच्या घराची पायरी चढलेले नाहीत. नातू झाला तेव्हासुद्धा दवाखान्यात पाहून आले, घरी गेले नाहीत.

"ते रागावत नाहीत, बाबा," ती म्हणाली. "ते बोलणंच सोडतात. आणि मला त्याच घरात राहायचंय."

माझ्या लेकीच्या आवाजात मी इतक्या वर्षांत कधी भीती ऐकली नव्हती. त्या रात्री मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो, पण चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा लेआऊट, म्हणजे सगळी वसाहत, आमच्या फाटकाशी जमला. कोणाच्या घरी माणूस आजारी पडला तर लोक एक वेळ संकोचाने येतात, झाड आजारी पडल्यावर संकोचाचा प्रश्नच नसतो. समोरच्या रुखमाबाई सगळ्यांत आधी आल्या. त्यांचं माहेर काटोलकडे, भावांचा संत्र्याचा मोठा बगीचा. जगातली सगळी झाडं ही मुळात संत्रीच आहेत आणि काहींना फक्त दुसरी फळं लागतात, अशी त्यांची श्रद्धा आहे.

"घाबरू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मोरचूद अन् चुना कालवा अन् लावा बुडाले. आमच्या बगीच्यात सबन झाडायले लावतेत."

"पण हे जांभूळ आहे, रुखमाबाई."

"मंग? जांभळाले का बूड नसते?"

तासाभरात आमचे जावई कमरेपर्यंत निळे झाले. काम संपवून हात झटकत रुखमाबाई म्हणाल्या, "अन् पाणी बंद करा आता. ताण द्या. झाडाले ताण देल्याबिगर ते मानत नाही."

संत्र्याच्या झाडाला बहार यावा म्हणून पाणी तोडतात, हे मलाही ऐकून ठाऊक होतं. पण आम्हाला बहार नको होता, साल हवी होती. हा फरक मी समजावायला लागलो, तेवढ्यात नागसेनभाऊ कुंपण ओलांडून आत आले. ते हयातभर एका दवाखान्याच्या प्लास्टर रूममध्ये होते. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली, एक फांदी धरून जरा हलवली, आणि कोणी कण्हतंय का ते ऐकल्यासारखे थांबले.

"हे हलून राहिलं," ते म्हणाले. "वारा आला का हलते. हाललं त जुळन कसं? प्लास्टर लागन."

"झाडाला?"

"साहेब, हाड का अन् लाकूड का. मी अशी अशी हाडं जोडली, का डॉक्टर पाहत राहिले."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण ज्या माणसाच्या हातून आपला कूलर निसटला आहे, त्याला प्रायश्चित्ताची संधी नाकारणं माझ्या स्वभावात नाही. नागसेनभाऊंनी घरून कापूस, पट्ट्या आणि बादली आणली. बाह्या वर सारल्या. निळ्या बुंध्यावर कापसाचा थर, त्यावर पांढऱ्या ओल्या पट्ट्या, एकावर एक, मन लावून. काम खरोखर देखणं झालं. शेवटी सवयीने ते वरच्या फांद्यांकडे पाहून म्हणाले, "बोटं हलवून दाखवा," आणि मग स्वतःच ओशाळले.

"आता हे ओलं होऊ देजा नका," जाताना त्यांनी बजावलं.

"मी तेच म्हनो!" रुखमाबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "पाणी नाही म्हणजे नाही!"

आमच्या लेआऊटमध्ये नाल्यापासून गणपतीपर्यंत कुठल्याही विषयावर या दोघांचं कधी जमलेलं नाही. या विषयावर जमलं. दोन जाणकारांचं एकमत झाल्यावर मी एकटा काय बोलणार? मी पाणी बंद केलं. एप्रिल महिन्यात, नागपुरात, मी एका कोवळ्या झाडाचं पाणी बंद केलं. आजही हे लिहिताना माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

इकडे रविवार आला. दर रविवारी सकाळी रुपरावांचा व्हिडिओ कॉल येत असे. तो हर्षासाठी नव्हता, अदितीसाठी नव्हता आणि माझ्यासाठी तर नव्हताच.

"दाखवा बरं आमच्या पोट्ट्याले," ते म्हणाले.

मी आधीच तयारी ठेवली होती. मोबाईल उंच धरला आणि फक्त शेंडा दाखवला. शेंडा त्या वेळी बरा होता.

"खाली घ्या ना, इवाई. बूड पाहू द्या."

मी झटकन झाडापुढे जाऊन उभा राहिलो आणि मोबाईल माझ्याकडे वळवला.

"आता तुम्हीच दिसून राहिले. झाड कुठी गेलं?"

"माझ्यामागे आहे."

"ते पांढरं पांढरं काय दिसून राहिलं तुमच्या मागं?"

"धोतर," मी म्हणालो. मी जन्मात धोतर नेसलेलो नाही. "वाळत घातलंय."

रुपराव म्हणाले, "झाडावर कपडे वाळत नका घालत जाऊ, इवाई. त्याले जड होते." आणि फोन ठेवला. एका धोतरावरून हा माणूस इतका दुखावला, तर प्लास्टर पाहून काय होईल, या विचाराने मला घाम फुटला.

अदितीने हे सगळं दारातून ऐकलं. "सौरवने मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण मी आपणहून सांगणार नाही. आधी झाड वाचवा." तिच्यामागे गडगनेराचं लचांड लागलं होतं, रोज एका नातेवाइकाकडे केळवणाचं जेवण. रोज परतल्यावर ती आधी झाडाशी जाई आणि मग घरात येई. तिच्या येण्याची मला धडकी भरू लागली.

कारण झाड वाळायला लागलं होतं. आधी खालची पानं पिवळी पडली, मग मधली वाकडी झाली आणि एका सकाळी अंगणात कुरकुरीत पानांचा सडा पडलेला पाहून मी अक्षरशः भिंतीला हात लावून उभा राहिलो. रुखमाबाई म्हणाल्या, ताण बरोबर बसतो आहे. नागसेनभाऊ म्हणाले, प्लास्टरमध्ये स्नायू थोडे वाळतातच.

तेव्हा मी ठरवलं की आता बस. आता सरकारकडे जायचं.

हा निर्णय मी अभिमानाने घेतला, हे कबूल करतो. अर्ज हा माझा प्रांत आहे. माझ्या अर्जाने दगडाला पाझर फुटतो, असं आमचे जुने साहेब म्हणायचे. एका संध्याकाळी मी टेबल लावून बसलो आणि शहरातल्या झाडांची काळजी वाहणाऱ्या कार्यालयाला अर्ज लिहिला. नुसतं 'साल निघाली आहे' लिहिलं तर कोण येतं? म्हणून मी लिहिलं, की 'सदर वृक्षाचा बुंधा भीषण आघाताने जर्जर झाला असून तो कोणत्या क्षणी कोसळेल याचा भरवसा उरलेला नाही. घरातील स्त्रिया भयभीत आहेत. तरी तातडीने पाहणी होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी.' हर्षाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी कुठं भयभीत आहे?" मी म्हणालो, शैली असते.

कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला आणि माझ्याकडे आदराने पाहिलं.

"छान लिहिलं तुम्ही. पण साहेब, झाड जगवायचं असा विषयच नाही आमच्याकडे. तोडायचं आहे, फांद्या छाटायच्या आहे. जगवायचं कोणी मागतच नाही."

"मग?"

"धोकादायकमध्ये टाकून देतो. म्हणजे कोणी ना कोणी येऊन पाहून जाईन तरी."

मी त्यांचे आभार मानले. मी त्या माणसाचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले.

कोणी येईपर्यंत झाड टिकायला हवं होतं. पण ऊन असं पेटलं होतं, की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. मी रुखमाबाईंच्या नकळत पहाटे पाणी घालायला सुरुवात केली, प्लास्टरला पिशवी गुंडाळून. तरी दुपारी गरम वाऱ्याच्या झोताने उरलेली पानं लटपटत. कूलर आम्ही नंतर कसाबसा खिडकीत चढवला होता; दारातून झाड पाहताना त्याचा गार झोत मला पाठीवर जाणवत होता. घरात मी गार, अंगणात जावई होरपळतोय. मला ते सहन होईना.

मी उठलो. या वेळी माणूस बोलावला. त्याने कूलर खिडकीतून काढून अंगणात स्टुलावर ठेवला, तोंड जांभळाकडे करून. वायर ओढली, पाणी भरलं, बटण दाबलं. आणि त्या झाडाने, मी शपथेवर सांगतो, एक पान वर केलं.

"अन् आपण?" हर्षाने विचारलं.

"आपल्याला पंखा आहे."

पंखा म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात भट्टीतली हवा ढवळायचं यंत्र. आम्ही ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपत होतो. हर्षा तोंडाने काही बोलत नव्हती, पण भांडी फार जोरात ठेवत होती. एकदा मात्र दुपारी ती बादली घेऊन आपणहून कूलरमध्ये पाणी भरताना दिसली. मी पाहिल्याचं तिला कळल्यावर म्हणाली, "जावयाला उपाशी ठेवलं असं नको."

पाहता पाहता आमच्या जांभळासमोर गर्दी व्हायला लागली. संध्याकाळी नागसेनभाऊ खुर्ची घेऊन येत आणि पेशंटवर लक्ष ठेवायला म्हणून झाडाच्या आणि कूलरच्या बरोबर मध्ये बसत. रुखमाबाई मेथी निवडायला घेऊन येत. नागसेनभाऊंना झाडाच्या वाऱ्यातून बाजूला व्हा, असं मला दर संध्याकाळी सांगावं लागे, आणि दर संध्याकाळी ते "हो हो" म्हणत खुर्ची बोटभर सरकवत. लेआऊटमधून जाणारी माणसं थांबून बघत. एकाने फोटो काढला. माझ्या उभ्या आयुष्याच्या प्रतिष्ठेचं काय झालं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

पण शेंड्याला दोन तांबूस कोवळी पानं फुटली. मी ती पाहिली त्या दिवशी मी ओट्यावर बसून मूर्खासारखा हसत होतो.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फाटकाशी गाडी थांबली. तिच्यातून एक मुकादम आणि दोन माणसं उतरली. एकाच्या हातात दोर होता. दुसऱ्याच्या हातात इंजिनाची आरी.

"गावंडे कोण?" मुकादमाने विचारलं.

"मी. पाहणीला आलात का?"

"पाहणी कागदावरच झाली. मंजूर आहे. अर्ज लय जोरदार होता म्हणे तुमचा. आमच्या साहेबांनी वाचला अन् म्हणे, आजच्या आज तोडा, बाया भेल्या आहे तिथल्या." त्याने झाडाकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, फिरणाऱ्या कूलरकडे पाहिलं. त्याला धक्का बसलेला स्पष्ट दिसला. "हेच का ते?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा एकही अर्ज इतक्या लवकर मंजूर झाला नव्हता. "तोडायचं नाही," मी कसंबसं म्हणालो. "जगवायचं होतं."

"कागदावर तसं नाही." त्याने कागद माझ्यापुढे धरला. खाली माझीच सही, चांगली वळणदार. "अन् ते प्लास्टर काढून द्या आधी, आरी खराब होते."

मी झाडापुढे जाऊन उभा राहिलो. हात आडवे केले. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही. नागसेनभाऊ कुंपणावरून उडी मारून आले. रुखमाबाई हातात लाटणं घेऊन रस्ता ओलांडत होत्या. आरीवाल्याने दोरी ओढून यंत्र एकदा घुरघुरवून पाहिलं आणि नेमक्या त्याच घडीला फाटकाशी ऑटो थांबला.

ऑटोतून आधी पंचफुलाबाई, म्हणजे रुपरावांच्या पत्नी, आमच्या इनबाई, उतरल्या. त्यांच्यामागून रुपराव. त्यांच्या हातात हळद-कुंकू लावलेली लग्नाची पहिली पत्रिका होती आणि पत्रिकेला लाल दोरा बांधलेला होता. ती कोणासाठी आहे हे मला न विचारताच कळलं. पहिली पत्रिका देवाला देतात. या माणसाने ती झाडाला बांधायला आणली होती.

रुपराव फाटकात थांबले. त्यांनी आरी पाहिली. निळ्या डागांचं, प्लास्टरमधलं, निम्म्या पानांचं झाड पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडला, की मला पाहवेना.

"काहून तोडून राहिले?" त्यांनी मुकादमाला विचारलं, अगदी हळू.

"ह्यांचाच अर्ज आहे, काका."

त्यांनी अर्ज घेतला, चष्मा लावला आणि पूर्ण वाचला. घडी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाल वं," ते पंचफुलाबाईंना म्हणाले आणि ऑटोकडे वळले.

अदिती दारात उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता. तिच्याकडे पाहिलं आणि माझ्या आत जे काही होतं ते सगळं बाहेर आलं. मी ओरडून बोलत होतो की रडून, मला माहीत नाही. कूलर मी पाडला, म्हणालो. निळं करू दिलं, प्लास्टर घालू दिलं, पाणी तोडलं, धोतर खोटं होतं. अर्जसुद्धा ते जगावं म्हणून केला, पण मला साधं सरळ लिहिताच येत नाही. "तुमच्या पोराला मी सांभाळलं नाही, इवाई," मी म्हणालो. "माझ्याशी बोलणं सोडा. माझ्या पोरीशी सोडू नका."

रुपराव पाठमोरेच उभे राहिले. एक पाय ऑटोत होता.

पंचफुलाबाई मात्र ऑटोकडे न जाता सरळ घरात गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळाचं कुंकू घामाने ओघळलं होतं. पदराने मान पुसत त्यांनी हर्षाला विचारलं, "तुमी कुठी झोपता, इनबाई?"

"घरातच."

"बिना कूलरचे?"

हर्षाने झाडासमोरच्या कूलरकडे पाहिलं.

"ओ," पंचफुलाबाईंनी नवऱ्याला हाक मारली. "आत जाऊन उभं राहून पाहा बरं जरासं."

रुपराव गेले. आम्ही सगळे बाहेर. ते परतले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा लाल झाला होता. ते सरळ झाडापाशी आले, खाली बसले आणि प्लास्टरच्या कडेला नख घालून एक तुकडा काढला. मग दुसरा. नागसेनभाऊ कळवळले. आतला ओला कापूस निघाला. जखमेच्या दोन्ही कडांना नवी साल फुगून आली होती, बोटाएवढी, हिरवट, ओली. रुपरावांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. किती तरी वेळ फिरवला.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

मुकादमाने आरीवाल्याला आरी गाडीत ठेवायला खुणावलं. मग रुपराव माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. "इवाई, मी लय झाडं लावली. सबन लोकायले देल्ली. कोणी माह्या झाडासाठी कधी घाम नाही गाळला. तुमी घरच्या बाया-पोरीसंग भट्टीत झोपले अन् माह्या झाडाले हवा देल्ली." त्यांनी अदितीकडे बोट केलं. "आता ही माह्या घरी येऊन राहिली. इले माह्या दारी कधी ऊन लागलं, त तुमी येजा, अन् मले याच झाडाले बांधून ठेवजा!"

"बांधायचं नाही!" मी ओरडलो. माझ्या नकळत मी त्यांच्या आणि झाडाच्या मध्ये आडवा झालो होतो. "कोवळी साल आहे, बांधलं की कापते!"

सगळे माझ्याकडे पाहत राहिले. रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पत्रिकेकडे, मग तिच्या लाल दोऱ्याकडे. त्यांनी दोरा सोडला आणि खिशात ठेवला. पत्रिका त्यांनी जांभळाच्या बुडाशी मातीवर ठेवली आणि कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला.